काऊन सरांची भाकर

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरच्या शाळेत वाघमारे सरांना वाघमारे सर असं कोणी म्हणतच नसे. पोरं 'काऊन सर' म्हणत, शिपाई 'काऊन सर' म्हणे, आणि आमचे हेडमास्तर, पक्के तेलुगू, मराठीची दहा वाक्यं येत असतील नसतील, तेही एकदा भर मीटिंगमध्ये 'काऊन सारू' म्हणून गेले. सगळे फिसकन हसले. सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "हसून राह्यले काऊन?"

झालं, पुन्हा हशा.

ते विज्ञान शिकवायचे. पोरानं बरोबर उत्तर दिलं की बाकीचे मास्तर 'शाब्बास' म्हणतात, हे म्हणायचे 'काऊन?' म्हणजे 'का?' लोखंड गंजतं. काऊन? दूध नासतं. काऊन? "काय ते तं पुस्तकात लिवलेलंच असते, मॅडम," ते मला म्हणायचे, "काऊन ते मानसाले शोधा लागते." एकदा मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आलेल्या साहेबांनी फर्मावलं की फळ्यावर तारीख डाव्या कोपऱ्यातच लिहायची. सरांनी खडू हातात घेऊन मोठ्या अदबीनं विचारलं, "लिवतो साहेब. पन काऊन?" साहेब घड्याळ बघत पुढच्या वर्गात गेले. तारीख वर्षभर उजव्या कोपऱ्यातच राहिली.

मी मराठीची मास्तरीण, कुळकर्णी. तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरांची सगळ्यात जास्त थट्टा मीच केली असेल.

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा भाचीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुठला तरी दवाखाना. ज्यांना गिळता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी तिथं मशीनमधून जेवण छापून निघत होतं. गाजराचा नुसता लगदा, पण ताटात पडला तो गाजर होऊनच. वाटाण्याचा लगदा वाटाण्यासारखा गोल गोल. भाची म्हणाली, "मावशी, बघ ना, काय भारी!" मी म्हटलं, हे मी आपल्या इचोड्यात पाहिलंय. तिला वाटलं, मावशी फेकतेय. मी उठून आत गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

सर आणि मी दोघंही इचोड्याला राहायचो, हायवेच्या अलीकडच्या गल्लीत, दोन घरं सोडून. रोज एकाच बसनं बाजारहत्नूरला जायचं, एकाच बसनं परत. सरांच्या खिशाला पेनाशेजारी कायम एक बारीक पेचकस असे. बसची खिडकी अडली, पंखा खरखरला, कोणाचं घड्याळ थांबलं, की पेचकस बाहेर. आणि त्यांचा डबा! चार कप्प्यांचा. एकात भाकर, एकात भाजी, एकात वरण, एकात भात. आणि हा माणूस वरणभातसुद्धा कालवायचा नाही. आधी भात संपवायचा, मग वाटीतलं वरण प्यायचा. भाजीचा एक थेंब भाकरीच्या कप्प्यात गेला तरी रुमालानं टिपून घ्यायचा. मी म्हणायची, "सर, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं हो."

"पोटात होऊ द्या. ताटात नाई होऊ देनार."

"काऊन?" मी मुद्दाम त्यांच्यासारखं विचारलं. त्यांनी डब्याचे कप्पे एकावर एक लावून कडी घातली. ते उत्तर मला पुढं खूप दिवसांनी मिळालं.

त्यांची बायको शांताताई. मी इचोड्याला नवी आले तेव्हा मला भाकर येत नव्हती. आमच्या घरी पोळ्या आणि भात. शांताताईंनी मला परातीसमोर बसवलं आणि हातावर चापट मारून मारून शिकवलं. "अवं मॅडम, भाकरीले भेता काऊन? ते काय चावते का तुमाले?" नवऱ्याचा शब्द बायकोच्या तोंडी मुरलेला. तळवा कुठं टेकवायचा, बोटं कुठं उचलायची, परात कशी फिरवायची, सगळं त्यांचं. त्यांच्या वस्तीत जयंतीच्या जेवणाला घराघरातून भाकरी यायच्या आणि एकाच टोपलीत पडायच्या. तरी प्रत्येक बाई आपली भाकर ओळखायची, वरच्या बोटांच्या ठशांवरून. "थाप म्हंजे बाईची सही असते," असं त्या म्हणायच्या. दोन महिन्यांनी माझी भाकर बघून त्यांनी सरांना हाक मारली. "पाहा वो, मॅडमच्या हातावर माही थाप आली!" मला त्या दिवशी बीएडला पहिली आले होते त्याहून जास्त आनंद झाला. खोटं नाही सांगत.

आता मशीनचं.

कुठल्याशा सरकारी योजनेतून आमच्या शाळेला एक छपाईचं मशीन आलं होतं. कागद छापायचं नव्हे. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू तयार करायचं. ते बिचारं दोन वर्षं खोक्यातच होतं. मोडलं तर कोण भरून देणार, म्हणून हेडमास्तरांनी त्यावर नकाशे रचून ठेवले होते. सरांनी एक दिवस नकाशे उचलले, पेचकस काढला. महिन्याभरात पोरं त्यावर चाकं आणि शिट्ट्या बनवू लागली. मग सरांच्या डोक्यात आलं, प्लास्टिक काऊन? त्यांनी तारेची जागा काढून तिथं गुरांच्या डॉक्टरकडची जाड, कोरी पिचकारी बसवली आणि तिच्यात तरोट्याच्या रानभाजीचा शिजवून गाळलेला गोळा भरला.

तरोट्याची भाजी आमची पोरं ताटाखाली लपवायची. त्या दिवशी मशीनच्या तोंडातून हिरवा धागा निघाला, गिरक्या घेत घेत थर चढले, आणि बशीत आर्टीसीची, म्हणजे इकडच्या एसटीची, बस उभी राहिली. चार चाकं, खिडक्या, सगळं. हेडमास्तर धावत आले, "एमिटिदी सारू, एमिटिदी?" म्हणजे हे काय, हे काय. आणि पोरं? चाकं कोणी खायची यावरून मारामारी. अख्खी बस गट्टम झाली. भाजीचं नाव काढलं नाही कोणी.

तेव्हापासून सरांच्या बोलण्यात दुसरा विषय राहिला नाही. बसमध्ये बसलं की सुरू. ज्या पोरीचं रक्त कमी, तिच्या घासात तेवढंच लोह घालता येईल, मोजून. शुगरवाल्याचं वेगळं, किडनीवाल्याचं वेगळं, पण दिसायला सगळ्यांचं ताट सारखं. पुढं दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहील आणि त्या चिठ्ठीवर मशीन जेवण काढून देईल. दात नसलेल्या म्हाताऱ्याला हुरडा खाता येईल. "हुरडा, मॅडम! दात नसताना!"

"आणि मग सुना काय करतील?" मी म्हणे. "सर, मशीनच्या हातचं खाऊन कोणाचं पोट भरलंय? जेवणाला हात लागतो माणसाचा."

"मशीनबी मानसाच्याच हातची असते."

"असू द्या. मी नाही खायची."

आणि खरंच, मी त्या मशीनचा एक घासही कधी तोंडात घातला नाही. सगळा स्टाफ चाखायचा, मी ताट पुढं सरकवून द्यायची. अडेलपणा, दुसरं काय.

मग शांताताईंना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि घसा अर्धा गेला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी बजावलं: पाणी पातळ देऊ नका, कण असलेलं काही देऊ नका. घास घशात न जाता श्वासनळीत उतरेल आणि छातीत पू होईल. सगळं मिक्सरमधून काढायचं, चमचा तिरका केला की गोळा अख्खा घसरला पाहिजे, इतकं घट्ट आणि इतकं मऊ.

मी पहिल्या दिवशी तिथंच होते. सरांनी वरण, भात, भाजी, भाकर मिक्सरच्या भांड्यात घातली आणि बटण दाबलं. करडा लगदा फिरायला लागला. सरांनी एकदम बटण बंद केलं. भांडं तसंच ठेवून ओट्याला टेकून उभे राहिले. आणि तेव्हा त्यांनी मला ते डब्याचं उत्तर दिलं.

"माहा बाप सालगडी व्हता, मॅडम. मालकाच्या वाड्यातून सांजच्याला जेवन भेटे. भात, वरन, कढी, भाजी, उरलंसुरलं सगळं एकाच भांड्यात. वरून टाकत, हात लागू नाई म्हनून. बाप घरी आला का ताट घेऊन बसे. भाताची शितं येगळी, भाजीचे तुकडे येगळे, दानादाना निवडे. तवर आमी भुकेनं रडून राह्यलो. माय म्हने, पोटात जाऊन एकच होनार हाये, द्या ना लेकराइले. बाप म्हने, मानूस हावो आपन. आपल्याले बी समजते, भात कोनता अन् भाजी कोनती."

'पोटात गेल्यावर सगळं एकच' हे मीच म्हटलं होतं, बसमध्ये, हसत हसत. माझे आजोबा निजामाच्या काळात पटवारी होते. आमच्या वाड्यातही असं एक भांडं असेल का, हे मी आईला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणा.

सर म्हणाले, "तिनं माह्या बापाले शेवटलोक भाकर येगळी अन् भाजी येगळी वाढली. तिले मी हा काला देऊ?"

हेडमास्तरांकडून रीतसर परवानगी घेऊन सरांनी मशीन घरी आणलं. शाळेला सुट्ट्या लागल्याच होत्या. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवायचं, मलमलच्या कपड्यातून गाळायचं. पातळ झालं की भाकर पसरायची, घट्ट झालं की मशीनचं तोंड चोंदायचं. जवसाचं पाणी घालून पाहिलं, साबुदाण्याची पेज घालून पाहिली. सगळं स्वतः आधी खायचे. आरशासमोर बसून, गळ्यावर बोट ठेवून, घास कसा उतरतो ते बघायचे. भाकरीला वास हवा म्हणून पीठ तव्यावर लालसर भाजून, वस्त्रगाळ करून त्याची चिमूट घातली. तो वास आमच्या घरापर्यंत आला तेव्हा मला वाटलं, शांताताई उठल्या.

पहिली भाकर निघाली. बशीएवढी, गोल, पांढरी, दोन बोटांनी दाबली तर लोण्यासारखी. शेजारी वांग्याच्या भाजीचा वेगळा ढीग, वरणाची वेगळी वाटी. सरांनी ताट शांताताईंच्या समोर धरलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, भाजी घेतली, वरण घेतलं. भाकर पाहून तोंड फिरवलं.

"काऊन वं?" सर म्हणाले. "काऊन?"

तीन दिवस असंच. भाजी खायच्या, भाकर नाही. आणि नुसत्या भाजीवर माणूस किती टिकणार? अंग काठीसारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी घालावी लागेल. सर म्हणाले, आठ दिवस द्या. चौथ्या दिवशी शांताताईंनी डावा हात कसाबसा वर केला, चारी बोटं हवेत दाबली आणि भाकरीकडे पाहिलं. सर उठून उभेच राहिले. "ठसे! ठसे नाईत तिच्यावर! कोनाची हाये ते समजतच नाई तिले!"

ते तडक माझ्याकडे आले, हातात परात आणि पिठाचा डबा. "मॅडम, थापा."

"सर, सुट्टी असली तरी मला शाळेत जायचंय, निकालाचं काम आहे…"

"एकच थापा. तिची थाप आता तुमच्याच हातावर हाये. पोरगी तं हैदराबादले भाकर इकत आनते."

मी चरफडत थापली. थापता थापता टोमणाही मारला: "आता माझीही छापील आवृत्ती काढा." ते ऐकतच नव्हते. "हात उचला. तसंच राहू द्या." फोननं चारी बाजूंनी फोटो घेतले, दाभणानं प्रत्येक ठशाची खोली मोजली, वहीत लिहून घेतली. माझी चार बोटं, एक तळवा. जाताना वळून म्हणाले, "लय उपकार झाले, मॅडम." मी म्हटलं, जा हो, काहीतरीच.

मग तो दिवस.

सरांना दहावीचे पेपर तपासायला आदिलाबादला जायचं होतं. हुकूम आलेला, टाळता येईना. सकाळी त्यांनी मला किल्ली दिली. "दुपारचं जेवन तेवढं द्या तिले. डब्यात तयार हाये. ठशाची भाकर पयल्यांदाच निंगाली आज, पाह्यटे. उठवून बसवा, मान खाली करा, बारका चमचा. अन् मॅडम, तेच द्या. दुसरं काई नाई."

"समजलं हो सर. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुपारी मी गेले, माझा डबाही सोबत नेला, तिथंच जेवू म्हणून. सरांचा डबा उघडला. भाकर होती, चार बोटं उमटलेली. मला तर ती खेळण्यातल्या भाकरीसारखी वाटली. शांताताईंनी तिच्याकडे पाहायच्या आधीच मी माझा डबा उघडला होता. तव्यावरून उतरवलेली, पापुद्रा सुटलेली, ताजी भाकर. त्यांची नजर तिच्यावर गेली ती हलेना. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. आता आमच्याकडे पद्धत अशी की आजाऱ्यासमोर एकट्यानं खाऊ नये, आपल्या ताटातला एक घास आधी त्याच्या तोंडाला लावावा. नाही तर ते अन्न अंगी लागत नाही म्हणतात. आणि मला वाटलं… काय वाटलं ते सांगूनच टाकते. मला वाटलं, डॉक्टर काय, सांगायचं म्हणून सांगतात. एका घासानं काय होतंय? ज्या बाईनं मला भाकर शिकवली तिला माझ्या हातची भाकर नाही आणि मशीनचा लगदा खायचा? गर्वच तो. दुसरा शब्द नाही.

मी तुकडा मोडला, वरणात चांगला कुस्करला आणि भरवला. त्यांनी तो चघळला. पहिल्याच घासाला ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबला आणि त्या हसल्या, अर्ध्या तोंडानं. म्हणून मी आणखी दोन घास दिले. तेही गेले. मला तर वाटलं, मी जग जिंकलं.

सरांची भाकर मी अंगणात कुत्र्याला टाकली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. माझीच चार बोटं कुत्र्यानं दोन घासांत संपवली.

संध्याकाळी सर बसमधून उतरून जवळजवळ पळतच आले. चपला काढायच्या आधी विचारलं, "खाल्ली? भाकर खाल्ली तिनं?"

मी म्हटलं, "हो. खाल्ली."

तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पन्नाशी उलटलेला माणूस उंबऱ्यातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला की रडला, मला कळलं नाही. आत जाऊन शांताताईंना विचारलं, "गोड लागली?" त्यांनी डावा हात उचलून चार बोटं दाबून दाखवली. त्या माझ्या भाकरीचं सांगत होत्या. सरांना वाटलं, आपल्या ठशांचं. मी दारात उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, आजचा आनंद होऊन जाऊ दे बिचाऱ्यांचा, उद्या सांगू.

उद्या शांताताईंना ताप आला. परवा धाप लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी सरांना विचारलं, खाण्यात काही कण गेला का? नळीत उतरलंय काहीतरी, छातीत पू धरलाय. सर म्हणाले, "नाई जी. सगळं गाळलेलं व्हतं." आणि मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन ठशाच्या भाकरीचं पीठ नवं व्हतं…" मी शेजारी बाकावर बसले होते. मी औषधांची चिठ्ठी घेतली आणि मेडिकलकडे निघाले. आठवड्यानं शांताताई गेल्या.

तेराव्याच्या सुमारास बोलू म्हटलं. त्यांच्यात तेरावं नसतं, हेही मला तेव्हा आठवलं. मग म्हटलं शाळा उघडल्यावर. मग दिवाळीला. जितके दिवस गेले तितकं ते तोंडातून निघणं अवघड होत गेलं. सरांनी मशीनला पुन्हा प्लास्टिकची तार लावून ते शाळेत परत केलं. हेडमास्तरांनी त्यावर पुन्हा नकाशे ठेवले. वर्गात सर शिकवत, पण 'काऊन' कमी झालं. तो प्रश्न त्यांनी सगळा एकाच जागी नेऊन ठेवला होता. घरी ते पीठ गाळत बसायचे. मलमलमधून, दुपदरी मलमलमधून, तिपदरीतून, आणि दर वेळी उरलेला चोथा बोटावर घेऊन उजेडात धरायचे.

एक दिवस उटनूरकडून एक गोंड गृहस्थ शाळेत आले. त्यांच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, काही गिळता येईना, नुसत्या लगद्याला म्हातारा तोंड लावीना. कोणीतरी सरांचं नाव सांगितलं होतं. त्यांनी हात जोडून हिंदीत विनंती केली, सर, आप कुछ बना दो, बाबूजी दो निवाले खा लें. स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो. सरांनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"नहीं बना सकता, दादा," ते म्हणाले. "मेरी मशीन से मेरे घर का आदमी चला गया. आपके बाप को मैं वो नहीं खिलाऊंगा."

ते गृहस्थ माझ्याकडे बघू लागले, मी तरी काही बोलेन म्हणून. माझ्या समोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी वरची वही उघडली आणि लाल पेनानं एक वेलांटी दुरुस्त केली. ते उठून गेले. एक शब्द, एकच शब्द बोलले असते तर त्या म्हाताऱ्याला भाकर मिळाली असती, आणि सरांना त्यांचं उत्तर. मी बोलले नाही. लोक काय म्हणतील, सर काय म्हणतील, मास्तरीण, शिकलीसवरली, आणि हे केलं! मला माझं तोंड वाचवायचं होतं. इतरांवर एवढं चालणारं तोंड, आणि त्या दिवशी ते नेमकं मिटलेलं.

सर निवृत्त झाले आणि मुलीकडे हैदराबादला राहायला निघाले. सामान आधीच गेलं होतं. मी त्यांना सोडायला इचोड्याच्या स्टँडवर गेले. दुपारची वेळ, नागपूरकडचे ट्रक धूळ उडवत चाललेले. त्यांच्याजवळ एक पिशवी होती, तिच्यात ती वही. खिशाला पेन होतं, पेचकस नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "देऊन टाकला एका पोट्ट्याले. आता काय खोलाचं हाये?"

बस आली. सर खिडकीशी बसले. मी खाली उभी. मी ठरवून गेले होते, आज सांगायचंच. तोच त्यांनी खिडकीतून वाकून मला जवळ बोलावलं. पिशवीतून वही काढली. उघडलेल्या पानावर माझ्या हाताचं चित्र होतं, चार बोटं, एक तळवा, प्रत्येक बोटाशी खोलीचा आकडा.

"मॅडम, एक इचारू? तीन वर्सं झाले, इचारीन इचारीन म्हनून राह्यलो. तुमाले तकलीफ होईल म्हनून नाई इचारलं. त्या दिवशी तिथं तुमीच व्हते. तिले अडकलं ते पयल्या घासाले का नंतरच्या? पयल्या घासाले अडकलं असन तं पीठ जाडं व्हतं. नंतर असन तं मंग ते थंडं होऊन आवळलं. एवढं समजलं तरी बस हाये मले."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जराही नाराज झाले नाहीत. वही मिटली, पिशवीत नीट ठेवली.

"बरं बरं. लय दिवस झाले ना. आठवलं तं फोन करा."

बस हलली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा उघडा, चारी बोटं. बस हायवेला वळेपर्यंत तो हात दिसत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. वर्षाच्या आत मुलीचा फोन आला.

त्यांचा नंबर मी अजून काढलेला नाही. 'काऊन सर' याच नावानं आहे. तो लावला तर आता कोणी उचलत नाही, मी लावून पाहिलाय.

पहिल्याच घासाला अडकलं, सर. पीठ जाडं नव्हतं, थंडही झालं नव्हतं. तुमच्या भाकरीत काही चूक नव्हती, ती तिनं खाल्लीच नाही. घास माझ्या भाकरीचा होता.